रेंज फोनची की कंपनीची? एका फसलेल्या खरेदीमागचा इतिहास

मागच्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरचा नंबर मी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. कारण साधं होतं. नव्या कंपनीचा रिचार्ज स्वस्त होता आणि खळ्यात उभं राहिलं की तिची रेंज पूर्ण दिसायची. पंधरा दिवसांनी बाबांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीची तारीख बदलली. रुग्णालयातून तीनदा फोन केला गेला, पण फोन माजघरात होता आणि तो लागलाच नाही. आई-बाबा जुन्याच तारखेला पहाटेची एसटी धरून गेले आणि टाके ओले असताना बाबांना तसंच परत यावं लागलं.

मी विद्यापीठाच्या वसतिगृहात बसून निदान केलं: फोन जुना झालाय. फेलोशिपच्या पैशातून साडेतेरा हजारांचा नवा फोन घेऊन गावी गेलो. माजघरात ठेवला. रेंज जशी होती तशीच!

माझा पीएच.डी.चा विषय दूरसंचार नाही. पण विज्ञानाचा विद्यार्थी म्हणवणाऱ्या माणसाने एकही तुलना न करता कारण ठरवलं आणि त्यावर पैसे खर्च केले, ही गोष्ट मला लागली. म्हणून ‘कोणत्या फोनला चांगली रेंज असते?’ या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला. वाचताना लक्षात आलं, की हा प्रश्न भारतात गेली तीस वर्षं विचारला जातोय आणि प्रत्येक काळात त्याचं उत्तर वेगळं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बहुतेक वेळा श्रेय किंवा दोष मिळाला तो हातात दिसणाऱ्या वस्तूला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, प्रवेश परीक्षेसाठी ‘चल’ आणि ‘कार्यात्मक व्याख्या’ पाठ करत असाल, तर त्या शब्दांचा अर्थ कळायला हा इतिहास बरा आहे.

सिमने सोडवलेली पहिली गाठ

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून (तेव्हाचं कलकत्ता) पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. हे नेटवर्क जीएसएम पद्धतीचं होतं. जीएसएमवरचा पहिला कॉल फिनलंडमध्ये १ जुलै १९९१ रोजी झाला होता, म्हणजे चार वर्षांत तंत्रज्ञान आपल्याकडे पोचलं.

जीएसएमची खरी करामत म्हणजे सिम कार्ड. ग्राहकाची ओळख फोनमधून काढून एका चिपमध्ये ठेवली गेली. फोन बिघडला तर सिम काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला. तोवर फोन, ग्राहक आणि कंपनी यांची जी गाठ होती ती इथे पहिल्यांदा सुटली. निदान तत्त्वतः तरी सुटली, कारण व्यवहारात सुरुवातीला एका सर्कलमध्ये दोनच खासगी कंपन्या होत्या आणि कंपनी बदलली की नंबर जायचा. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबले.

या काळातली रेंज कशावर ठरत होती? सुरुवातीचं जीएसएम ९०० मेगाहर्ट्झवर चालायचं. ही तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर येते. नंतर १८०० मेगाहर्ट्झ आलं, म्हणजे तरंगलांबी निम्मी. जीएसएमचा नेहमीचा फोन ९०० वर क्षणिक कमाल २ वॉट शक्तीने प्रक्षेपण करू शकतो, १८०० वर १ वॉटने. आजचा साधा ४जी फोन सुमारे ०.२ वॉटने करतो. म्हणजे २ वॉटच्या तुलनेत दसपट कमी. (जीएसएम फोन सलग बोलत नाही, आठातल्या एका वेळखणात बोलतो, त्यामुळे सरासरी इतकी जास्त नसते. पण दूरच्या टॉवरपर्यंत आवाज पोचवताना तो क्षणिक जोर कामाला येतो.)

आता आठवा, घरोघरी काय म्हणतात: ‘जुना नोकिया बघ, कुठेही रेंज पकडायचा!’ २००३ चा नोकिया ११०० डोळ्यांसमोर आणा. टॉर्चवाला. तो मजबूत होता यात वादच नाही. पण त्याच्या रेंजचं श्रेय त्याच्या बनावटीला किती, तो ज्या ९०० मेगाहर्ट्झवर चालायचा त्याला किती, आणि २ वॉटच्या परवानगीला किती? आपण तिन्हींची बेरीज केली आणि ती ब्रँडच्या खात्यावर जमा केली. संशोधनाच्या भाषेत याला गोंधळकारक चल म्हणतात. घरच्या भाषेत ‘आमचा नोकिया’.

जेव्हा फोन आणि कंपनी एकच वस्तू झाले

डिसेंबर २००२ च्या अखेरीस रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए पद्धतीची सेवा जाहीर केली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन हातात देणारी ‘मान्सून हंगामा’ योजना आणली. ज्या घरात लँडलाईनही नव्हती अशा अनेक घरांत मोबाईल आला तो असा. टाटा इंडिकॉमची सेवाही याच पद्धतीची.

पण इथे जीएसएमने सोडवलेली गाठ पुन्हा बसली. यातल्या बऱ्याच फोनना सिमच नव्हतं, ग्राहकाची ओळख फोनमध्येच भरलेली असायची. कंपनी सोडायची तर फोन आणि नंबर दोन्ही सोडायचे. त्यामुळे ‘रिलायन्सच्या फोनला आमच्याकडे चांगली रेंज आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्या वाक्याची तपासणी करणंच अशक्य होतं. फोन तोच ठेवून कंपनी बदलता येत नव्हती आणि कंपनी तीच ठेवून जीएसएमचा फोन वापरता येत नव्हता. दोन चल जर नेहमी जोडीनेच बदलत असतील, तर कितीही हजार लोकांना विचारा, परिणाम कुणाचा ते वेगळं काढता येत नाही. नमुना वाढवून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी रचनाच बदलावी लागते.

आज मागे वळून बघताना एक गोष्ट मात्र दिसते. सीडीएमए कंपन्यांकडे ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा होता, म्हणजे ९०० पेक्षाही खालचा. कमी फ्रिक्वेन्सी भिंतींतून आणि झाडीतून तुलनेने बरी जाते. हाच पट्टा पुढे ‘८५०’ या नावाने ४जीसाठी वापरात आला. फोन गेले, कंपन्या गेल्या, लहरी राहिल्या.

२०१०: दांड्या खोटं बोलतात

भारतात नंबर पोर्ट करण्याची तयारी चालू होती त्याच वर्षी अमेरिकेत रेंजवरून मोठं वादळ झालं. ते आपल्याकडचं नाही, पण ‘रेंज मोजणं म्हणजे काय’ हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून कळत नाही.

२४ जून २०१० रोजी आयफोन ४ बाजारात आला. त्याची बाहेरची स्टीलची पट्टी हाच अँटेना होता. पट्टीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातली फट हाताने झाकली गेली की रेंजच्या दांड्या भराभर खाली यायच्या. आनंदटेक या संकेतस्थळाने मोजून दाखवलं, की घट्ट पकडल्यावर सिग्नल जवळपास २४ डेसिबलने पडतो. डेसिबलची मोजपट्टी लॉगरिदमिक असते: १० डेसिबल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. २४ म्हणजे सुमारे २५० पट घट.

तरी काही लोक म्हणत होते, ‘आमच्या फोनला काहीच होत नाही.’ ते खोटं बोलत नव्हते. त्या फोनमध्ये पाचही दांड्या दिसायच्या त्या −५१ पासून −९१ डीबीएमपर्यंत. म्हणजे ४० डेसिबलचा, दहा हजारपटीचा टप्पा एकाच चित्राखाली झाकलेला. उरलेल्या चार पायऱ्या −९१ ते −११३ एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसवलेल्या. टॉवरजवळ −६० वर असलेल्या माणसाचा सिग्नल २४ डेसिबलने पडला तरी तो −८४ वर, म्हणजे पाच दांड्या कायम. −९० वर असलेला माणूस थेट तळाशी. दोघांच्या फोनचा दोष तोच होता, फक्त मोजपट्टी एकाला तो दाखवत होती आणि दुसऱ्यापासून लपवत होती.

२ जुलैला अॅपलने जाहीर पत्र काढून मान्य केलं, की दांड्या किती दाखवायच्या याचं त्यांचं सूत्रच चुकीचं होतं आणि फोन कधी कधी प्रत्यक्षापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवत होता. जुलैच्या मध्यात सॉफ्टवेअर दुरुस्ती आली. दांड्या जास्त प्रामाणिक झाल्या, अँटेना होता तसाच राहिला.

यातून एवढं लिहून ठेवा: दांड्यांचं कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. किती डीबीएमला किती दांड्या, हे फोन बनवणारा ठरवतो. दोन कंपन्यांचे फोन शेजारी ठेवून ‘याला चार, त्याला तीन’ म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या परीक्षकांनी दिलेले गुण एकाच यादीत लावणं. मी खळ्यात उभं राहून ‘पूर्ण रेंज’ पाहिली आणि पोर्टिंगचा निर्णय घेतला तो याच दांड्यांवर.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. अमेरिकेत तोवर आयफोन फक्त एटी अँड टी या कंपनीवरच मिळायचा. कॉल तुटला तर दोष फोनचा की कंपनीचा, यावर लोक वर्षानुवर्षं भांडत होते आणि आपल्या सीडीएमए ग्राहकांसारखंच त्यांनाही ते तपासता येत नव्हतं. १० फेब्रुवारी २०११ रोजी आयफोन ४ व्हेरायझनवर आला. आता तुलना होणार असं वाटलं. पण व्हेरायझनचं नेटवर्क सीडीएमए, त्यासाठी फोनचं आतलं रेडिओ वेगळं, अँटेनाची रचनाही बदललेली. नाव तेच, फोन दुसरा. नैसर्गिक प्रयोग हाताशी आलाय असं वाटतं तेव्हा ‘बाकी सगळं खरंच सारखं आहे का?’ हे विचारायचं असतं, ते यासाठी.

२०११: नंबर सुटला

जगात मोबाईल नंबर पोर्ट करण्याची सोय पहिल्यांदा सिंगापूरने १९९७ मध्ये दिली. भारतात ती २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. १९०० वर ‘पोर्ट’ असा एसएमएस पाठवायचा, येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा, शुल्क तेव्हा जास्तीत जास्त १९ रुपये होतं. सुरुवातीला ही सोय त्याच सर्कलपुरती होती. ३ जुलै २०१५ पासून सर्कल ओलांडूनही नंबर नेता येऊ लागला. मुंबई आणि ‘महाराष्ट्र व गोवा’ ही दोन वेगळी सर्कल असल्याने नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या माणसाला याचा अर्थ चांगला कळला.

त्याआधी नंबर पाहूनच कंपनी कळायची. ९४२२ म्हणजे बीएसएनएल, ९८९० म्हणजे एअरटेल. लोक नंबर सांगायच्या आधीच समोरचा म्हणायचा, ‘आमच्याकडे त्याची रेंज नाही.’ पोर्टिंगनंतर ही खूण पुसली गेली.

पण नेमकं काय सुटलं ते बघा. नंबर आणि कंपनी यांची गाठ सुटली. फोन आणि नेटवर्क यांची गाठ होती तिथेच राहिली. जानेवारी २०११ मध्ये सीडीएमए ग्राहक आपला नंबर जीएसएम कंपनीकडे नेऊ शकत होता, पण फोन मात्र त्याला नवा घ्यावा लागत होता. नियम कागदावर ग्राहकाला मोकळं करतो. तो प्रत्यक्षात किती मोकळा झाला, हे बाकीच्या गाठींवर अवलंबून असतं. धोरणांवर संशोधन करणार असाल तर हा फरक प्रकरणाच्या पहिल्याच पानावर यायला हवा.

बँडची गाठ, मग सॉफ्टवेअरची

३जीसोबत २१०० मेगाहर्ट्झ आलं. भारतातलं पहिलं ४जी १० एप्रिल २०१२ रोजी कोलकात्यात सुरू झालं ते २३०० वर, म्हणजे बँड ४० वर. पुढे १८०० (बँड ३), ८५० (बँड ५) आणि ९०० (बँड ८) यांच्यावरही ४जी आलं. आता ‘४जी फोन’ हे वर्णन पुरेसं राहिलं नाही. कोणत्या बँडवरचं ४जी, हा प्रश्न आला.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेले फोन याच वळणावर अडकले. अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी बनवलेल्या अनेक फोनमध्ये तिथले बँड असायचे, बँड ४० नसायचा. मामेभावाने प्रेमाने आणलेला महागडा फोन इथे ३जीवर रखडायचा आणि दोष मात्र इथल्या कंपनीला मिळायचा.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि गाठ आणखी खोल गेली. तिचं नेटवर्क फक्त ४जी होतं, खाली २जी किंवा ३जीचा आधार नव्हता. कॉलसुद्धा ४जीवरूनच, म्हणजे व्होएलटीई पद्धतीने. फोनला बँड आहे, सिग्नल आहे, इंटरनेट चालतंय, पण फोनमध्ये व्होएलटीई नसेल तर साधा कॉल करायला वेगळं अॅप लागायचं. इथे ‘रेंज आहे’ आणि ‘कॉल लागतो’ या दोन गोष्टी पहिल्यांदा उघडपणे वेगळ्या झाल्या.

५जीच्या वेळी हीच गोष्ट पुन्हा घडली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवा सुरू झाली तेव्हा हजारो लोकांच्या फोनवर ‘५जी’ असं छापलेलं होतं आणि आतली चिपही ५जीची होती. तरी फोन बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट येईपर्यंत त्यातल्या बऱ्याच फोनमध्ये ५जी चाललं नाही. आयफोनवर ते डिसेंबर २०२२ मध्ये आलं.

म्हणजे १९९५ ते २०२२ या काळात गाठ सुटत गेली असं सरळ म्हणता येत नाही. ती सरकत गेली. आधी ग्राहकाच्या ओळखीत होती, मग नंबरमध्ये, मग बँडमध्ये, मग सॉफ्टवेअरच्या परवानगीत. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा कमी दिसणाऱ्या जागी गेली. आणि ती दिसत नाही म्हणून आपण जे दिसतं त्यालाच कारण समजतो.

मग फोनचा काहीच वाटा नाही?

आहे, आणि तो मोजलेलाही आहे. डेन्मार्कमधल्या आल्बॉर्ग विद्यापीठातले प्राध्यापक गेर्ट फ्रोलुंड पेडरसन यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये बाजारातल्या फोनच्या अँटेनांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. फोन बंदिस्त कक्षात ठेवायचा, जिथे बाहेरची लहर येत नाही आणि आतली भिंतीवरून परत येत नाही. सोबत माणसाच्या डोक्याची आणि हाताची प्रतिकृती. मग फोन किती शक्ती बाहेर टाकतो आणि किती कमी सिग्नलवर ऐकू शकतो, हे बँडगणिक मोजायचं. फोनाफोनांत मोठे फरक निघाले. शिवाय तोच फोन डाव्या हातात आणि उजव्या हातात वेगळा वागला. त्यामुळे ‘सगळ्यात चांगल्या रेंजचा फोन’ असं एकच नाव देता येत नाही. कोणत्या बँडवर, कोणत्या हातात, बोलण्यासाठी की डेटासाठी, हे आधी सांगावं लागतं.

इथे एक सापळा मीही पाहिलाय. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. जुना फोन २जीवर −७८ दाखवतो, नवा ४जीवर −१०२. लोक म्हणतात, नवा फोन खराब. पण २जीमधला आकडा संपूर्ण वाहिनीच्या शक्तीचा असतो, तर ४जीमधला आकडा (आरएसआरपी) वाहिनीतल्या एकाच उपवाहकाचा. २० मेगाहर्ट्झच्या ४जी वाहिनीत असे १२०० उपवाहक असतात. पूर्ण शक्ती आणि एका उपवाहकाची शक्ती यांत सुमारे ३१ डेसिबलचा फरक नुसत्या व्याख्येमुळेच पडतो. एकक एकच आहे, मोजलेली राशी वेगळी आहे. तुमच्या प्रबंधात दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करण्याआधी एककासोबत व्याख्याही जुळते का, एवढं नक्की बघा.

माजघरातले चार प्रयोग

हे सगळं वाचून झाल्यावर मी गावी गेलो आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. जुना फोन, नवा फोन. घरच्या नंबरचं नव्या कंपनीचं सिम आणि शेजारच्या काकांकडून तासाभरासाठी मागून आणलेलं आमच्या जुन्या कंपनीचं सिम. दोन गुणिले दोन, चार जोड्या. प्रत्येक जोडी खळ्यात, पडवीत आणि माजघरात ठेवली. फोन जमिनीपासून सारख्याच उंचीवर, एका स्टुलावर, हात न लावता. दोन मिनिटं थांबून आकडा आणि बँड लिहिला. सगळं पुन्हा संध्याकाळी केलं.

निकाल इतका सरळ होता की ओशाळलो. माजघरात जुन्या कंपनीचं सिम दोन्ही फोनमध्ये चाललं. नव्या कंपनीचं सिम दोन्ही फोनमध्ये पडलं. फोन बदलल्याने होणारा फरक जेमतेम होता, सिम बदलल्याने होणारा फरक मोठा. बँडच्या रकान्यात कारण दिसलं: जुनं सिम आमच्या घरी ९०० वर होतं, नवं सिम २३०० वर. मोकळ्या हवेतही सारख्या अंतरावर या दोहोंत सुमारे ८ डेसिबलचा फरक पडतो. त्यात आमच्या जांभ्याच्या जाड भिंती, पावसाळ्यात त्या ओल्या. खळ्यात भिंत नव्हती, म्हणून तिथे दांड्या पूर्ण. मी निर्णय घेतला खळ्यात आणि फोन राहतो माजघरात!

ही एका घराची, एका दिवसाची मोजणी आहे. त्यातून ‘ती कंपनी वाईट’ असा निष्कर्ष निघत नाही. शेजारच्या वाडीत उलटं चित्र असू शकतं. निघतो तो एवढाच, की आमच्या घरात रेंजचं मुख्य कारण फोन नव्हता. साडेतेरा हजारांनी मी चुकीचा चल बदलला.

उपाय फुकटात झाला. भारतात २०१९ च्या अखेरीपासून वाय-फायवरून साधा कॉल करण्याची सोय मिळू लागली आहे. घरात ब्रॉडबँड होतंच. दोन्ही फोनमध्ये ती सेटिंग बंद होती, मी फक्त चालू केली. वीज गेली की वाय-फाय जातं, म्हणून पडवीतल्या कोनाड्यात फोनची एक जागाही ठरवली. आता रुग्णालयाचा फोन लागतो.

तुम्हाला कंपनी बदलून फोन निवडायचा असेल, तर माझा क्रम आता असा आहे. आधी जिथे फोन खरोखर वापरला जातो ती जागा. मग कुणाचं तरी सिम मागून त्या जागी कोणता बँड मिळतो ते. २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे देणंही बंधनकारक आहे, पण नकाशाला तुमची भिंत माहीत नसते. मग फोनच्या नेमक्या मॉडेल क्रमांकावरून त्याची बँडची यादी, कारण एकाच नावाच्या फोनचे देशोदेशी वेगळे प्रकार असतात. मग त्या कंपनीवर व्होएलटीई आणि वाय-फाय कॉलिंग त्या फोनला चालतं का. ब्रँड आणि दांड्या सगळ्यात शेवटी.

आणि संशोधनाची रूपरेषा लिहायला बसलात, तर पहिल्या पानावर स्वतःला विचारा: मी जो गुण मोजणार आहे, तो नेमका कुणाचा आहे? विद्यार्थ्याचा की शाळेचा? बियाण्याचा की जमिनीचा? औषधाचा की ते वेळेवर घेणाऱ्याचा? रेंज फोनची नसते आणि कंपनीचीही नसते. ती फोन, बँड आणि भिंत यांच्यामधली असते. मला हे कळायला बाबांची एक फेरी फुकट गेली. तुमच्या पहिल्या प्रयोगात कुणाची फेरी फुकट जाऊ नये, म्हणून हे लिहिलं.